आधी हात गरम, मग गुड मॉर्निंग

सकाळी कुणाच्याही खोलीचं दार ढकलण्याआधी तो बाहेर थांबायचा आणि हात चोळायचा. नुसतं चोळून भागायचं नाही. मग दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावून बघायचा, आई दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघते ना, तसं. पटलं की आत जायचा. नाही पटलं की माझ्या किचनमध्ये यायचा आणि चहाच्या पातेल्यावर हात धरून उभा राहायचा.

"अरे, वाफ लागेल!" मी ओरडायचे.

"काकू, आधी हात गरम, मग गुड मॉर्निंग. थंड हातानं उठवलं की माणसाचा अख्खा दिवस बिघडते."

आमचं हे कॉव्हेंट्रीतलं म्हाताऱ्यांचं केअर होम. राहणारे बहुतेक आपल्याकडचे, गुजराती, पंजाबी, चार मराठी डोकी. म्हणून तर मला ठेवलेलं, वरण-भात आणि खिचडी रांधायला. मी तिथली सगळ्यात जुनी. मॅनेजर बदलल्या, पडदे बदलले, मालकसुद्धा बदलले. मी आणि मोठा कुकर तेवढे टिकलो. तो केअरर होता. उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, भरवायचं. त्याचं नाव मी सांगणार नाही. जिथे गेलाय तिथे त्याचं बरं चाललंय, आणि माझ्या तोंडामुळे त्याच्याकडे पुन्हा कुणी वळून बघावं असं मला वाटत नाही. एकदा झालं तेवढं पुरे.

नागपूरचा होता. माझी आमटी त्याला कधी पटली नाही.

"काकू, ही आमटी आहे की औषध?"

"म्हाताऱ्यांना सोसेल अशी आहे. तुझं नागपुरी तिखट घातलं तर उद्या सगळे एकदम वर जातील."

"जाऊ द्या ना. चव घेऊन तरी जातील!"

आणि वर दोनदा वाढून घ्यायचा.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्यांच्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी ध्यानात राहतात. हा त्यातला. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाच्या कुठल्या कानात मशीन असतं, पटेलकाकांच्या गेलेल्या बायकोला कुठलं फूल आवडायचं, सगळं त्याच्या डोक्यात. माझी बीपीची गोळी मी विसरायचे, तो नाही. जिन्यातून ओरडायचा, "काकू, गोळी!" लोकांना वाटायचं, हा माझाच मुलगा. मीही कुणाला 'नाही' म्हणून सांगायला जात नसे.

आता अण्णा. अण्णा म्हणजे आमचे डॉक्टर. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आलेले, पुढे नावाजलेले सर्जन झाले. म्हातारपणी डोक्यातलं सगळं पुसत चाललं होतं. मुलाचं नाव गेलं, बायको वारली तेही गेलं. हॉस्पिटल तेवढं उरलं. रोज सकाळी त्यांना राउंडला जायचं असायचं. दुसऱ्या कोणी अंगाला हात लावला की फटका. एजन्सीच्या एका पोराच्या अंगावर त्यांनी दाढीचं पाणी ओतलं होतं. याच्याशी मात्र त्यांचं जमायचं, कारण हा त्यांचा ज्युनियर डॉक्टर व्हायचा.

"डॉक्टर, उशीर झाला तुम्हाला."

"सॉरी सर. पेशंट सगळे तयार आहेत. फक्त तुमची दाढी राहिली."

"मग आटपा ना!"

"गाल, सर."

की अण्णा गाल फुगवायचे. आधी डावा, मग उजवा, तोंडात अख्खा लाडू भरल्यासारखा. मी नाश्त्याची ट्रॉली घेऊन दारात थांबायचे, ते बघायलाच. एवढा मोठा सर्जन, किती पोटं उघडली असतील त्या हातांनी, आणि गाल फुगवून बसलाय शहाण्या मुलासारखा. दाढी झाली की हा गरम टॉवेलने तोंड पुसायचा आणि अण्णा म्हणायचे, "गुड वर्क, डॉक्टर." त्यानंतरच त्यांच्या पोटात खीर जायची.

एका दिवाळीला आम्ही लाउंजमध्ये फराळ मांडला होता. घरोघरची मुलं-सुना आलेल्या. याची ड्यूटी संपत आली होती, म्हणून याला न्यायला एक उंच, तांबड्या केसांचा माणूस आला. वेल्सचा. बस चालवतो. स्टाफमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, 'पार्टनर' म्हणून. इंग्रजीत ते कुणाच्या कानाला टोचलं नव्हतं. पण त्या दिवशी याने त्याचा हात धरून सगळ्यांपुढे आणलं आणि आपल्या मराठीत सांगितलं, "काकू, हा माझा नवरा."

कुणाच्या तरी दाताखाली चकली मोडली, तेवढाच काय तो आवाज.

मी म्हटलं, "ये रे बाबा, बस. अनारसा घे."

तो वेलशी हसला आणि त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द म्हणाला, "पोहे?"

मग सगळे हसले. मला वाटलं, झालं, पार पडलं. त्या अनारशाचं मला अजून बरं वाटतं. म्हणजे मी अगदीच वाईट नव्हते, एवढं त्यातून दिसतं. पण अनारसा देणं सोपं असतं हो.

पुढच्याच आठवड्यात अण्णांचा मुलगा आला. इथेच जन्मलेला, सभ्य, बापासाठी जीव टाकणारा. मॅनेजरबाईंना भेटण्याआधी माझ्याकडे किचनमध्ये आला.

"आंटी, I've nothing against him. He's lovely. पण माझा बाबाला तो आंघोळ नको घालू. मंडळात लोक विचारते. माझा आई असती तर तिला काय वाटला असता?"

मराठी मोडकं, पण डोळे भरलेले होते. मी त्याला चहा दिला. 

नंतर मॅनेजरबाईंनी मला वर ऑफिसात बोलावलं आणि दार लावलं. इंग्रज बाई, मनाने चांगली, नवीनच आलेली. कुणालाही दुखवायची तिला फार भीती. म्हणाली, तुमच्या समाजात वडीलधाऱ्यांना हे कसं वाटतं? तुम्ही मला सांगा, मला कळत नाही.

आता बघा. इतकी वर्षं मी तिथे काढली, पण मीठ कमी आहे की जास्त याखेरीज माझं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि ही मला सगळ्या समाजाबद्दल विचारत होती. मी पदर सावरून बसले. समाजाने मला काही सांगून पाठवलं नव्हतं, पण मी समाजाच्या वतीने बोलले. म्हटलं, जुनी माणसं आहेत, बाई. नाही आवडायचं त्यांना. वाईटपणा कुणालाच नको. थोडं अ‍ॅडजस्ट करू. काही दिवस त्याला लाँड्रीत टाका, विषय आपोआप मागे पडेल.

तिचा चेहरा केवढा सुटला! थँक्यू थँक्यू म्हणाली. मलाही हलकं वाटलं. आपल्याकडे असंच करतात ना? कुणी भांडायला लागलं की एकाला आतल्या खोलीत पाठवायचं, दुसऱ्याला चहा द्यायचा. जिना उतरताना मी खरंच मनाशी म्हणत होते की पोराची नोकरी वाचवली मी.

अण्णांना विचारावं असं आमच्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

त्याला लाँड्रीत टाकलं. तळघरात, ड्रायरच्या शेजारी. पगार तोच, मॅनेजरबाई गोड बोलून म्हणाल्या की तात्पुरतं आहे, सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणून. तो चादरींचा गठ्ठा घेऊन माझ्या किचनवरून जायचा. एकदा दारात थांबला आणि दोन्ही हात पुढे केले.

"बघा काकू. त्या ड्रायरमुळे आता हात दिवसभर गरमच असतात. फक्त उठवायला कोणी नाही."

मी म्हटलं, "थोडे दिवस काढ रे. होईल सगळं नीट."

वर अण्णांची दाढी वाढत चालली. खीर परत यायची, तशीच, साय धरलेली.

मग एक दिवस दुपारी तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. मी मेथी निवडत होते. त्यानेही एक जुडी पुढे ओढली.

"काकू, मी तक्रार करून राहिलो."

"कुणाची?"

"कोणाची नाही. झालं त्याची. कायदा आहे इथं. मी कोणासोबत राहतो यावरून मला कामावरून बाजूला करता येत नाही. गिऱ्हाइकानं म्हटलं म्हणूनही नाही. गोड बोलून केलं तरी नाही."

"अरे, पण कायद्याने माणसं जवळ येतात का?"

"जवळ कोण या म्हणते? दूर ढकलू नका, एवढंच कायदा म्हणून राहिला."

मग त्याने मला नागपूरचं सांगितलं. तिथे एका खाजगी दवाखान्यात होता. कुणीतरी काहीतरी पाहिलं, कुणीतरी काहीतरी सांगितलं. मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. "मी हात जोडले आणि निघालो, काकू. घरी आईला सांगितलं, दवाखाना बंद झाला. तो दवाखाना आजही सुरू आहे. तिथं चूपचाप निघालो. इथं नाही निघणार. मला अण्णांची दाढी परत पाहिजे."

मेथीची काडी हातात धरून मी बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. सोपं होतं, आम्ही दोघंच होतो. पण तो पुढे म्हणाला, "हेड ऑफिसला सुनावणी आहे. सोबतीला आपल्या कामावरचं एक माणूस नेता येते, तसा नियमच आहे. काकू, तुम्ही याल?"

नाही कशी म्हणणार? आणि हो तरी कशी म्हणाले मी? म्हणाले, येईन की. वर असंही म्हणाले, डबा करते, बाहेरचं खाऊ नको.

बर्मिंगहॅमला हेड ऑफिस. काचेची खोली, लांब टेबल. मी रेशमी साडी नेसले होते, वर कोट. तक्रार ऐकणारी बाई शांत आणि नेमकी होती. सुरुवातीलाच तिने मला नियम समजावला: तुम्ही यांच्या वतीने बोलू शकता, यांच्याशी कुजबुजू शकता, पण यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. मी मान हलवली.

तो छान बोलला. आवाज चढवला नाही. अण्णांचा गाल त्याने करून दाखवला, तेव्हा ती बाईसुद्धा हसली.

मग तिने कागद उलटला. म्हणाली, मॅनेजरचं म्हणणं आहे की लाँड्रीची कल्पना त्यांची नव्हती. समाजातल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याने सुचवली. नाव त्यांनी दिलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे का, कोण?

माझ्या पदराच्या टोकाला मी गाठ मारत होते. तिच्याकडे बघवेना, याच्याकडेही बघवेना. खोलीत कुठलं तरी यंत्र घुमत होतं.

"I don't remember," तो म्हणाला.

ज्याला पटेलकाकांच्या बायकोचं फूल आठवतं, तो म्हणाला, आठवत नाही.

आणि मी? मी त्या नियमाला धरून बसले. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं नाही. आयुष्यात इतक्या मनापासून मी कुठलाच नियम पाळला नव्हता. ती बाई शेवटी म्हणाली, सोबत आलेल्यांना काही सांगायचंय का? तेव्हा तर नियमही आड येत नव्हता. मी म्हणाले, "He is very good boy." आणि खाली बसले. म्हणजे बसलेलीच होते, पण आतून खाली बसले.

स्टेशनवर वारं सुटलं होतं. बाकावर शेजारी शेजारी बसून आम्ही डबा उघडला. माझ्या हाताला थालीपीठ मोडेना. त्याने डबा बाजूला ठेवला.

"हात द्या, काकू."

"कशाला?"

"द्या तर. बर्फ झालेत. मघापासून पाहून राहिलो."

त्याने स्वतःचे हात चोळले, गालांना लावून बघितले, आणि मग माझे दोन्ही हात त्यात घेतले. गाडी येईपर्यंत.   तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. पहिल्यापासूनच असेल. मॅनेजरबाईंच्या तोंडून सुटलं असेल, नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून. माहीत असूनच मला सोबत नेलं होतं का, मी आपणहून बोलावं म्हणून? का खरंच दुसरं कोणी नव्हतं त्याला न्यायला? तुम्हीच सांगा, मला अजून ठरवता येत नाही.

तो जिंकला. हेड ऑफिसने स्वच्छ सांगितलं, झालं ते बेकायदा होतं. माफी मागितली. अण्णांच्या मुलालाही कळवलं की केअरर कोण असावा हे अशा कारणावरून ठरणार नाही. मुलाने ते मान्य केलं. बापाला न्यायचं कुठे? मराठी बोलणारं दुसरं होम जवळपास नाही.

सोमवारी सकाळी मी ट्रॉली घेऊन दारात थांबले. अण्णांची दाढी छातीकडे निघालेली, नजर खिडकीबाहेर. वाटलं, आता काय ओळखतायत. याने हात गालांना लावले, आत गेला.

"गाल, सर."

अण्णांनी वळून बघितलं. "कुठे होता तुम्ही इतके दिवस?"

"दुसऱ्या वॉर्डात टाकलं होतं, सर."

"कुणी?"

तो फेस करत राहिला. अण्णांनी डावा गाल फुगवला. आणि मी ट्रॉली तिथेच सोडून स्टोअरमध्ये गेले, तांदूळ बघायला. तांदूळ भरपूर होते.

मग सगळ्या स्टाफला ट्रेनिंग दिलं. कायदा काय आहे, काय चालतं, काय नाही, पडद्यावर चित्रं दाखवून. त्या दिवशी सगळ्यांसाठी मी सामोसे तळले. मॅनेजरबाई मला सर्वांसमोर म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलात, यू आर अ‍ॅन एक्झाम्पल. टाळ्या झाल्या. ती बिचारी खरंच विसरली होती, का तिलाही तेच सोयीचं होतं, कोण जाणे. त्याने सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात तेलाचा झारा होता.

पण काहीतरी गेलं ते गेलंच. आता स्टाफरूममध्ये तो आला की बोलणं जपून व्हायचं. पूर्वी पोरी त्याला चिडवायच्या, तुझा नवरा बस वेळेवर का आणत नाही म्हणून. आता कोणी चिडवेना. सगळे गुड मॉर्निंग म्हणायचे, अगदी बरोबर म्हणायचे. मीसुद्धा. त्याने आमटीला नाव ठेवलं की पूर्वी मी झारा उगारायचे, आता "बरं, तिखट घालते हं" म्हणायला लागले.

"काकू," तो एकदा म्हणाला, "शिव्या द्या ना. असं पाहुण्यासारखं नका वागू."

मी दिली एक शिवी. जमली नाही.

पुढे त्याला साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. नवऱ्यालाही तिकडे बस चालवायला मिळाली. शेवटच्या दिवशी तो किचनमध्ये आला, डबा परत द्यायला. मी ठरवलंच होतं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. ओट्याला टेकून उभी राहिले.

"अरे, ऐक. ते लाँड्रीचं. ते मी..."

"काकू, पोळी करपून राहिली."

मी गर्रकन वळले. तव्यावर पोळी नव्हती. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता.

मागे बघते तर तो दारापर्यंत पोचला होता. दोन्ही हात गालांना लावून मला दाखवले, हसला आणि म्हणाला, "गोळी घेत जा." बस.

ती माफी होती, का माझ्या तोंडून ते ऐकायचंच नव्हतं त्याला? मला बोलू दिलं असतं तर मी मोकळी झाले असते. कदाचित तेवढी मोकळीक द्यायची नसेल त्याला. असेना. हक्क आहे त्याचा.

आता अण्णांकडे एजन्सीची माणसं येतात, रोज वेगळी. चांगली असतात बिचारी. हातमोजे घालतात, ते थंडच. अण्णा हल्ली फटका मारत नाहीत. दारात पावलं वाजली की डावा गाल फुगवतात आणि बसून राहतात. येणाऱ्याला काही कळत नाही. त्याला वाटतं, दात दुखतोय. एकाने डेंटिस्टसुद्धा बोलावला होता.

गेल्या रविवारी अण्णांचा मुलगा आला होता. मी खीर घेऊन गेले. पावलं ऐकून अण्णांनी गाल फुगवला.

"आंटी, बाबा असा का करते?" त्याने विचारलं. "नर्स म्हणते, it's just the illness."

माझ्या तोंडात आलंच होतं, हो रे, म्हातारपण. वाईटपणा कशाला. अण्णांकडे बघितलं. डोळे मिटलेले, मान थोडी वर केलेली, वाट बघत.

"तो आजार नाही," मी म्हटलं. "दाढी करायला तो यायचा ना, त्याची वाट बघतायत. तू त्याला नको म्हणालास. आणि लाँड्रीत टाका असं मी सांगितलं. मी. मॅनेजरबाईंनी नाही."

 त्याने खिशातला फोन काढला, परत ठेवला. खिरीवर साय धरायला लागली. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे, आणि मध्ये अण्णा, गाल तसाच फुगवून.